उतरंडीचा वरचा दगड

मंगळवार, ४ तारीख

बूट लहान आहेत. टाच आत गेली की अंगठा बाहेर, अंगठा कोंबला की टाच बाहेर. पोरीला टाकून गेलीस तेव्हाचा तिचा पाय तुझ्या डोक्यात बसलाय, पण पाय काही तुझ्यासाठी वाढायचे थांबत नाहीत. वर पुड्यावर लिहिलंस, "बाबांकडून". अगं, खोटं बोलायचं तर निदान मापाचं तरी बोलावं.

असो. सूनबाईस आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. म्हणजे ठीक नाही, पण पत्रात असंच लिहितात.

फोन असताना म्हातारी पत्र कशाला लिहिते, असं म्हणशील. फोनवर मी "हॅलो" म्हटलं की तू "भिंगरीला द्या" म्हणतेस. दोनच यत्ता शिकले असले तरी एवढं कळतं मला. शिवाय तुझी भिंगरी फोनला कान चिकटवून बसलेली असते, तिच्या देखत काय बोलणार, कपाळ? पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. फाडता येतं. फाडायचं तर वाचून फाड.

आता कामाचं. मी कड्यावर तुझ्या नवऱ्याची उतरंड रचायला घेतली आहे. डोळे वटारू नकोस. बोट गेली त्याला वर्ष उलटलं. एक फळी सापडली, डिझेलचा डबा सापडला, माणसं सापडली नाहीत. ज्याचं काहीच हाती लागत नाही त्याची इथे कड्यावर दगडांची उतरंड रचतात, हे तू या घरात आल्यापासून बघतेस. खाली रुंद, वर निमुळती, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. कड्यावरच्या निम्म्या उतरंडी माझ्या हातच्या. त्या बोटीवरच्या बाकीच्यांच्या कधीच उभ्या राहिल्या. कप्तानाची तर त्याच्या बायकोनं, आपल्या कप्तानीणबाईनं, लगोलग करून घेतली, माझ्याच हातून. आणि माझ्या स्वतःच्या मुलाची जागा तेवढी रिकामी. जगाच्या भिंती रचल्या आणि घरात पावसाचं पाणी, तसली गत.

तुला दिलेलं वचन मी मोडलेलं नाही. "बाबा मोठ्या जहाजावर गेलेत, लांब आहेत, येतील," हे तू सांगितलंस, तेच मीही सांगते. कड्यावर भिंगरीनं विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "आजोबांची." ती मला दगडाच्या चिपा देत राहिली.

तर तक्रार अशी, की उतरंड राहत नाही. कमरेपर्यंत आणली, पडली. पुन्हा आणली, पुन्हा पडली. माझ्या हातची उतरंड! तुझ्या सासऱ्याबरोबर मी उभ्या जन्मात शेतांचे बांध रचले, एक ढासळला नाही. म्हणून वाकून बघितलं. चिपा गायब. तू कधी या कामात हात घातला नाहीस म्हणून सांगते. दगडावर दगड बसतो तो चिपांच्या जोरावर. दोन धोंड्यांमधल्या फटीत बोटाएवढी चीप ठोकली की वरचा धोंडा हलत नाही. चीप काढली तर तो लगेच पडतो असंही नाही. वाऱ्याची वाट बघत बसतो.

बकरी चिपा काढत नाही. वाराही काढत नाही. हे माणसाचं काम आहे, आणि कुणाचं ते मला ठाऊक आहे. बोट गेली तेव्हा मी चार लोकांत म्हटलं होतं, की वारा दिसत असताना कप्तानानं बोट काढलीच कशाला. कप्तानीणबाईच्या मनात ते अजून आहे.

वरच्या दगडाचं तुला ठाऊकच आहे. तो रचणारा ठेवत नाही. जाणाऱ्याशी ज्याचं शेवटचं बोलणं झालं, तोच तो उचलून आणतो आणि ठेवतो. तोवर उतरंड म्हणजे नुसता ढिगारा. तुझ्या त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात सुट्टी कधी मिळते ते कळव.


सोमवार, १० तारीख

पत्र पोचलं हे मला कळलंय. काल फोनवर तुझा आवाज असा होता की जणू तोंडात टाचण्या धरून बोलते आहेस. पण उत्तराचं नाव नाही. "बूट आवडले का? बाबांनी स्वतः निवडलेत," हे मात्र पोरीला विचारलंस. माझं पत्र वाचूनही विचारलंस! तुझ्या हिमतीला हात जोडले पाहिजेत. भिंगरी म्हणाली, "छान आहेत." तिनं ते एकदाही बाहेर घातलेले नाहीत. खोक्यात घालून खाटेखाली सारलेत.

उतरंड पुन्हा पडली.

मग मी कप्तानीणबाईला नळावर गाठलं. भिंगरी बरोबर होती. मी म्हटलं, "तुझा नवरा गेला तो गेला, जाताना माझ्या मुलाला घेऊन गेला. आता त्याचे दगडही नेतेस?"

ती हंडा खाली न ठेवता म्हणाली, "म्हातारे, तुझ्या चिपांची मला काय चटणी वाटायची आहे?"

"चोराच्या मनात चांदणं."

"अगं, चांदणं तुझ्या डोळ्यांत पडलंय. मोतीबिंदू म्हणतात त्याला. दाखवून घे."

बाया हसल्या. मी म्हटलं, जिला नवरा आवरता आला नाही ती जिभेला काय आवरणार. तेव्हा मात्र तिनं हंडा खाली ठेवला. पाणी अर्धं सांडलं. तशीच निघून गेली. भिंगरी माझा पदर ओढत म्हणत राहिली, "आजी, चल ना. आजी, पुरे ना." पोरीचे हात गार पडले होते. मला वाटलं, भांडणाला भ्याली.

वाटेत मला म्हणाली, "आजोबा तर घरात खाटेवर वारले."

मी म्हटलं, "हो."

"मग ते हरवले कुठे होते? त्यांना उतरंड कशाला?"

बघ, तुझी पोरगी. बापाचं डोकं, तुझी हनुवटी. मी म्हटलं, "चपला बघून चाल, रस्त्यात खिळे असतात." तुझ्या वचनापायी या वयात मला पोरीपुढे असं मूर्ख व्हावं लागतं. मला खोटं बोलायला लाज नाही वाटत, तसं समजू नकोस. गवंड्याशी, तलाठ्याशी, तुझ्या सासऱ्याशी रग्गड खोटं बोलले. पण ते सगळे मोठे होते, त्यांना उलट बोलता येत होतं.

परत रचते आहे. माझे गुडघे काय म्हणतात ते लिहीत नाही, शाई वाया जाईल.

उत्तर दे.


रविवार, १६ तारीख, तुझा फोन कापल्यावर

तूच कापलास. लाइन गेली म्हणशील, तर लाइन जाताना आधी माणूस नाक ओढत नाही.

घडलं ते असं. काल खोली झाडताना खाटेखाली केरसुणी घातली, तर खोकं हललं आणि आत खडखड झाली. बुटांची खडखड तशी होत नाही. उघडलं. दोन्ही बूट चिपांनी भरलेले. डाव्यात जाड, उजव्यात बारीक. माझ्या पद्धतीनं निवडून ठेवलेल्या. मीच शिकवलं होतं तिला, जाड आणि बारीक कधी एकत्र ठेवू नये म्हणून.

मी तिथेच फरशीवर बसले. आणि आधी डोक्यात काय आलं माहीत आहे? की काय हात आहे पोरीचा! उभ्या उतरंडीतून चीप काढायची आणि धोंडा अंगावर येऊ द्यायचा नाही, हे चांगल्या चांगल्या गवंड्यांना जमत नाही. अंगावर काटा आला तो नंतर. एखादा धोंडा घसरला असता तर? मी खाली घरात भाकरी थापत बसले असते आणि वर पोरगी दगडाखाली. ऐकते आहेस ना? नीट ऐक.

ती शाळेतून आली. खोकं समोर उघडं ठेवलं होतं. रडली नाही, पळाली नाही. दप्तर खुंटीला लावलं आणि म्हणाली, "कप्तानीणकाकूंची माफी कधी मागणार?"

मी म्हटलं, "आधी तू सांग, हे का केलंस?"

"ती उभी राहिली की बाबा मेले असं होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिथे, 'येतील, येतील' असं म्हटलेल्यांतल्या एकाचीही उतरंड नाहीये."

मी तोंड उघडलं होतं, सूनबाई. वचन गेलं खड्ड्यात, असं मनात आलंही होतं. पण तिनं हात वर केला, शाळेतल्या मास्तरीणबाई करतात तसा. "तू नको सांगूस. आईनं सांगितलंय येणार म्हणून. येणार नसले तर तेही आईनंच सांगायचं. तू सांगितलंस तर मला कळणार नाही की कोण खरं बोलतंय."

आता याचं उत्तर काय द्यायचं ते तू सांग.

मग आज तुझा फोन. तिनं तुला काय विचारलं ते तुझ्या कानांनी तू ऐकलंस, तरी लिहिते, म्हणजे उद्या म्हणू नकोस की आवाज नीट येत नव्हता. तिनं विचारलं, "बुटांत वाढायला जागा का नाही ठेवली?"

तुला आठवतं ना? तिचा बाप बूट घ्यायला जायच्या आधी दोरा घ्यायचा. टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणायचा, तिथे गाठ. मग एक बोट सोडून दुसरी गाठ. "ही आजची, ही वाढायची." दुकानदार वैतागायचा, की पट्टी आहे, पट्टीनं मोज. हा म्हणायचा, पट्टीला पोरगी माहीत नाही.

तू म्हणालीस, "बाबा विसरले असतील."

ती म्हणाली, "बाबा विसरत नाहीत."

आणि तू फोन कापलास.

तिनं फोन माझ्या हातात दिला, अगदी सांभाळून, काचेचा असल्यासारखा. जेवली. पाढे म्हटले. मला रडणारी पोरं परवडतात. ही अशी गप्प बसली की मला घरात बसवत नाही.

वारा वाढणार असं रेडिओ म्हणतो. उतरंड छातीपर्यंत आली आहे, खालच्या-मधल्या थरांतल्या चिपा निघालेल्या, वर धोंडे तसेच. उद्या-परवा उतरवून घेते. तोवर पोरीला वर जायची बंदी केली आहे.

पुढचा फोन यायच्या आत तू काय ते ठरव.


बुधवार, १९ तारीख

आधी हे वाच: पोरगी जिवंत आहे. डाव्या हाताचं एक बोट चेचलंय, नख जाणार, हाड शाबूत आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता बस, आणि पुढचं वाच.

काल दुपारी शाळेतून निरोप आला की भिंगरी मधल्या सुट्टीनंतर वर्गात नाही. घरात आले, खोकं रिकामं. बूटही नाहीत. मग कुणाला विचारायची गरज उरली नाही. वारा असा होता की पायवाटेवर मला दोनदा खाली बसावं लागलं. शिव्या देत चढले. तुला, तिला, माझ्या मुलाला, कप्तानाला. सगळ्यांना पुरल्या.

वर पोचले तर पोरगी उतरंडीला पाठ लावून उभी. दोन्ही हात मागे, पाय मातीत रोवलेले. गळ्यात ते बूट, नाड्या एकमेकींना बांधून लटकवलेले, आणि त्यांत चिपा. ती चिपा परत बसवायला आली होती गं. खालच्या थरातल्या बसवून झाल्या होत्या, आणि नीट बसवल्या होत्या. मधल्या थराला हात घातला तेवढ्यात वाऱ्यानं झोत दिला आणि वरचा धोंडा कलला. तिनं तो पाठीनं धरला. तिच्याएवढ्या वजनाचा धोंडा. ती सरकली असती तर तिच्या डोक्यावर. मी तिला ओढलं असतं तरी तिच्या डोक्यावर.

मी म्हटलं, "हलू नकोस. श्वास घे, पण पोटातून घेऊ नकोस, वरच्या वर घे."

ती म्हणाली, "आजी, माझं बोट आत अडकलंय."

"असू दे. बोटं नऊ उरली तरी चालतात. बोलू नकोस."

मी खांदा लावला. पण खांदा लावणाऱ्याला चीप ठोकता येत नाही, आणि चीप ठोकायला हात काढला तर धोंडा सुटतो. अशी उभी राहिले. वारा, खाली समुद्र, आणि आम्ही दोघी त्या दगडाला चिकटलेल्या, गोचिडासारख्या. आयुष्यात मी पहिल्यांदा मदतीला हाक मारली. कुणाला म्हणून नाही. नुसती "अगं" म्हणून.

आणि मागून आवाज आला, "सरक म्हातारे. वजन उचलायचं तुझं वय आहे का?"

कप्तानीण. तिच्या परसातून कड्याची वाट दिसते. आधी पोरगी एकटी, मग त्या वाऱ्यात मी चढताना दिसले, म्हणून मागोमाग निघाली होती. बाई आडदांड आहे, हे तिच्याबद्दल मी आजवर वाईट म्हणूनच सांगत होते. तिनं पाठ लावली, धोंडा दोन बोटं उचलला, पोरीचं बोट सुटलं. तरी पोरगी बाजूला होईना. उजव्या बुटातून बारीक, डाव्यातून जाड, मी मागेन तशी चीप काढून देत राहिली, रक्तानं भरलेल्या हातानं. मी ठोकत गेले. शेवटची चीप बसली तेव्हा कप्तानीण हळूच पाठ काढून बाजूला झाली. धोंडा जागचा हलला नाही.

मग ती मला म्हणाली, "चटणी झाली का वाटून?"

मी म्हटलं, "झाली. मीठ कमी आहे. नळावर मी नको ते बोलले."

"बोललीस," ती म्हणाली. एवढंच. मग पोरीला पाठुंगळी घेऊन खाली उतरली. मला मात्र हात दिला नाही. तेही बरोबरच आहे.

डॉक्टरीणबाई बोट बांधत असताना मी भिंगरीला विचारलं, काढल्या होत्यास तर परत बसवायला का गेलीस? ती म्हणाली, "आईनं फोन कापला ना. मग मला कळलं." आणि थोड्या वेळानं, "पण अजून सांगितलं नाहीये."

आता मी तुला एक सांगते. फोनवर बोलता येण्यासारखं नाही, आणि पुन्हा लिहिणारही नाही.

आपल्या घराची भिंत पत्र्याची आहे. त्या दिवशी पहाटे तुम्हा दोघांत काय झालं ते मी पलीकडून ऐकलं. तो म्हणत होता, वारा बरा दिसत नाही, आज नको. तू इथल्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी करून आली होतीस, पोरगी तापानं फणफणलेली, आणि तो दारात उभा राहून जाऊ की नको जाऊ करत होता. तू म्हणालीस, "जायचं तर जा एकदाचा, डोळ्यांपुढून हल." तो हलला. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तू बॅग भरत होतीस तेव्हाही होतं. बोलले नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. अगं, समुद्र तुझं ऐकणारा असता तर कधीच कामाला लावला असता आपण त्याला. मी तुझ्या सासऱ्याला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज "मसणात जा" म्हणत आले. गेला का? चांगला म्हातारा होऊन, दूधभात खाऊन, खाटेवर गेला.

माझ्याशी तो शेवटचं काय बोलला, तर आदल्या संध्याकाळी, "आई, मीठ संपलंय." यावर का वरचा दगड ठेवता येतो? येत असता तर मी तो कधीच ठेवला असता, तुझी मिनतवारी करत बसले नसते. मीठ मी दुसऱ्या दिवशी आणलं. ते असो.

शेवटचं बोलणं तुझं आहे. कडू असलं तरी तुझंच आहे. दगड गोड बोलणाऱ्यानंच ठेवावा असं कुणी म्हटलेलं नाही. तसं असतं तर त्या कड्यावर एकही उतरंड पुरी झाली नसती. कप्तानीणबाईला विचार, ती नवऱ्याला त्या दिवशी काय बोलली. तिनं काल पोरीला खाली आणताना मला सांगितलं. मी लिहीत नाही, पण तुझ्यापेक्षा वाईट आहे.

सोबत दोरा आहे. भिंगरीनं स्वतः पाय मोजला, बोट बांधलेलं, म्हणून एक टोक मी धरलं. एक गाठ आजची. दुसरी गाठ कुठे मारायची ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "ती आई मारेल." लहान बूट मी धुऊन वाळत घातलेत, चिपा ठेवायला बरे आहेत.

उतरंड उभी आहे. वरची जागा मोकळी आहे. दगड मी निवडलेला नाही आणि निवडणार नाही. पायवाटेनं चढताना तुझ्या हाताला येईल तो उचल.

या पत्राचं उत्तर मला नको. मला लिहू नकोस, फोनवर "भिंगरीला द्या" म्हणू नकोस, कप्तानीणबाईकडे निरोप ठेवू नकोस. उत्तर पोरीला द्यायचं, तिच्यासमोर उभं राहून द्यायचं, आणि तूच द्यायचं.